भेंडी, चमचा आणि धोब्याची यादी

भेंडी आडवी चिरा, कापलेल्या बाजूला पोस्टर कलर लावा आणि कागदावर दाबा. पाच पाकळ्यांचं फूल तयार! यासाठी जून, निबर भेंडीच घ्यावी. भाजीवाल्याकडे टोक मोडून बघून आपण नाकारतो ना, तीच. कोवळी दाबाखाली चेपते.

नाव छापायचं तर ठसा उलटा कोरावा लागतो. 'आई' सरळ कोरलंत तर कागदावर 'ईआ' उमटेल, तेही आरशातलं.

घरी प्रेस नाही? नसू दे. जपानच्या होकुसाईची ती जगप्रसिद्ध 'लाट' (साधारण १८३१) यंत्राविनाच छापली गेली. रंग लावलेल्या लाकडी ठशावर कागद ठेवायचा आणि बांबूच्या सालपटात गुंडाळलेल्या चकतीने तो पाठीमागून घासायचा, एवढंच. आपल्याकडे त्या कामाला स्टीलच्या चमच्याची पाठ आहे. गोल गोल, न कंटाळता घासा. एक कोपरा उचलून रंग बसला का ते बघता येतं; फक्त बाकीचा कागद हलू द्यायचा नाही.

लिनोकटचा लिनो म्हणजे मुळात जमिनीवर अंथरायचं आवरण, जवसाच्या तेलापासून बनवलेलं. थोडा वेळ उन्हात ठेवला की लोण्यासारखा कापला जातो. कोरलेला भाग पांढरा राहतो, उरलेला शाई घेतो. नंदलाल बोस यांनी १९३० मध्ये केलेले दांडीयात्रेतले काठीधारी गांधीजी असेच, काळ्यावर पांढऱ्या रेघांचे. म्हणजे जिथे शाई लागलीच नाही, तिथे बापू दिसतात! मला विचाराल तर भारतीय लिनोकटमध्ये याला तोड नाही. सरावाला लिनोऐवजी मोठं खोडरबर चालतं. कटर स्वतःच्या बोटांपासून लांब चालवा.

पिकासोही सत्तरीच्या घरात लिनोच्या नादी लागला. एकाच ठशावर आधी फिका रंग छापायचा, मग तोच ठसा आणखी कोरून त्यावर गडद. मागे फिरायची सोय नाही, त्यामुळे प्रती किती हव्यात ते आधीच ठरवावं लागतं.

सगळ्यात मजेशीर किस्सा म्युनिकच्या सेनेफेल्डरचा. हा नाटककार. स्वतःची नाटकं स्वस्तात छापायची धडपड चालली होती. आईने धोब्याला द्यायच्या कपड्यांची यादी करायला सांगितली, हाताशी कागद नव्हता, म्हणून त्याने ती तेलकट शाईने दगडावर लिहिली. त्यातून पुढे शिळाछपाई निघाली. त्याच तंत्रावर १८९४ मध्ये मुंबईत राजा रविवर्म्याचा छापखाना सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर विराजमान झाल्या.

बटाट्याचा ठसा कोरलात तर आधी रद्दीवर दाबून पाणी टिपून घ्या, नाहीतर रंग पसरतो. दुसऱ्या दिवशी तो सुरकुततो, त्यामुळे आवृत्ती आपोआपच मर्यादित. आणि हो, उरलेला बटाटा रश्शात ढकलू नका.