बाहुलीनाट्य, सांगलीचे
एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विष्णुदास (विष्णू अमृत) भावे (मृ. १९०१) यांनी सांगली येथे तयार केलेल्या लाकडी कळसूत्री बाहुल्या व त्यांच्याद्वारे पौराणिक कथा दाखविण्याचा त्यांचा उपक्रम. भावे यांच्या *सीतास्वयंवर* (५ नोव्हेंबर १८४३) या नाटकापासून मराठी रंगभूमीचा प्रारंभ मानतात. त्यामागील बाहुल्यांचा उल्लेख मात्र सहसा एखाद्या वाक्यातच उरकला जातो.

भावे यांचे वडील सांगलीच्या पटवर्धनांच्या पदरी होते. मूर्ती व बाहुल्या घडविण्याचा छंद विष्णुदासांना लहानपणापासून होता आणि रामकथा बाहुल्यांकरवी दाखवावी, असा त्यांचा मानस होता. पुढे कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीस झाले. तशा प्रकारचे खेळ मराठीत व्हावेत, अशी इच्छा संस्थानिक चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांनी प्रकट केली. ते काम भावे यांच्याकडे आले व बाहुल्यांची जागा माणसांनी घेतली. तथापि या नाटकाची मांडणी बाहुल्यांच्या खेळाशी जुळणारीच राहिली : सूत्रधाराने पद्ये गाऊन कथा पुढे न्यायची आणि पात्रांनी त्यानुसार अभिनय करून आयत्या वेळी सुचतील ती भाषणे करायची. हा सारखेपणा केवळ बाहुल्यांमुळे आला, असे म्हणता येत नाही. कारण भागवत मंडळींच्या खेळातही मुख्य गायकाकडे असेच काम असे. ‘सूत्रधार’ म्हणजे मुळात बाहुल्यांची सूत्रे धरणारा, या व्युत्पत्तीवरून जर्मन पंडित रिखार्ट पिशेल यांनी भारतीय नाट्याचा उगमच बाहुल्यांच्या खेळात शोधला होता. ते मत सर्वमान्य झाले नाही. परंतु सांगलीत मात्र बाहुल्या करणारा माणूस खरोखरच नाटकाचा प्रवर्तक झाला.

बाहुली कशी हलते, यावर तिच्या नाट्याचा स्वभाव बराच अवलंबून असतो. दोरीवरची बाहुली डौलाने चालते, नाचते, अधांतरी तरंगते; देव, दानव व राजे यांना ती शोभते. हातात मोज्याप्रमाणे चढविलेल्या बाहुलीचे मस्तक तर्जनीवर व हात अंगठा आणि दुसरे एक बोट यांवर असतात. तिला पाय बहुधा नसतात, पण वस्तू पकडणे, मिठी मारणे व मुख्यतः काठीने बडविणे तिला सहज जमते. प्रहसनाला ती सोयीची ठरते, ती यामुळेच. फ्रान्समधील लीआँ शहरचा ‘गीन्योल’ हे तिचे प्रसिद्ध उदाहरण होय. रेशीमधंद्यातील मंदीमुळे विणकाम सोडून फेरीवाला व पुढे दात उपटणारा बनलेल्या लॉराँ मूर्गे (१७६९–१८४४) याने गिऱ्हाइके जमविण्यासाठी बाहुल्यांचे खेळ सुरू केले. त्यांतूनच १८०८ च्या सुमारास गीन्योल हे पात्र जन्मास आले. विणकऱ्यांच्या बोलीत बोलणारा गीन्योल, त्याचा मद्यप्रेमी चांभार मित्र न्याफ्राँ व बायको मादलाँ ही नेहमीची पात्रे. घरमालकाचे थकलेले भाडे व शिपायाला बसणारा मार हे लोकांच्या आवडीचे विषय. संवाद आयत्या वेळचे असल्याने गावातील ताज्या घटनांवर टीका करता येई. १८५२ नंतर खेळाची संहिता लिहून आगाऊ मंजूर करून घेण्याची सक्ती झाली. १८६५ मध्ये झां-बातीस्त ओनोफ्रिओ या न्यायाधीशाने या नाटकांचा संग्रह प्रसिद्ध केला. संहिता टिकली, धार मात्र बोथट झाली आणि गीन्योल हळूहळू मुलांच्या करमणुकीचा विषय बनला.

सांगलीत याच्या उलट घडले. १८५१ मध्ये आप्पासाहेबांच्या निधनाने राजाश्रय संपला व भावे यांना नाटकमंडळी घेऊन गावोगाव फिरावे लागले. १८५३ मध्ये त्यांनी मुंबईतही प्रयोग केले. सूत्रधाराची पद्ये पुढे *नाट्यकवितासंग्रह* (१८८५) या ग्रंथात छापली गेली. पात्रांची भाषणे व विदूषकाचे विनोद मात्र कोणी टिपून ठेवले नाहीत. सेन्सॉरने कापण्याजोगे त्यांत काही होते की नाही, हे ठरविण्याचे साधनच त्यामुळे उरले नाही. बाहुल्या मात्र वाचल्या. शब्दभ्रमकार व बाहुलीकार रामदास पाध्ये यांनी त्यांची डागडुजी करून त्यांना पुन्हा रंगमंचावर आणले.