परसबागेची आखणी : तुमच्या घराला कोणती सोयीची?

शेतात सोयाबीन, कपाशी नाहीतर ऊस उभा आहे आणि घरची बाई आठवड्याच्या बाजारात मेथीच्या जुडीसाठी घासाघीस करते आहे, अशी घरे आज गावोगाव आहेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. बाजारातली पालेभाजी दोन दिवसांत सुकते. पुढे बाजाराच्या दिवसापर्यंत पिठले, डाळ आणि चटणी. सर्वांच्या मागून जेवायला बसणाऱ्या गृहिणीच्या ताटात तर पुष्कळदा नुसता रस्साच उरतो.

याचा परिणाम अंगावर दिसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. पाच वर्षांखालील मुलांत तर हे प्रमाण त्याहूनही जास्त होते. मोठ्या माणसाने दिवसाला सुमारे ३०० ग्रॅम भाजीपाला खावा आणि त्यात पालेभाजी असावी, असे आहारशास्त्र सांगते. एवढी भाजी रोज विकत घेणे कोणाला परवडणार? म्हणून परसबाग हवी.

पण शेजारणीची पाहून तशीच बाग आपल्या दारी करू नका. आधी तीन गोष्टी पाहा. पाणी किती आणि कोठून येते? निदान सहा तास ऊन कोठे पडते? आणि रोज बागेत हात कोणाचा लागणार? पाणी डोक्यावरून आणावे लागत असेल तर मोठी बाग म्हणजे घरच्या बाईला नवा जाच होईल. या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून पुढीलपैकी एक घाट निवडा.

चौकोनी वाफ्यांची बाग

घरामागे गुंठाभर जागा आणि विहिरीचे किंवा नळाचे पुरेसे पाणी असेल त्यांना ही सोयीची. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा. चारी बाजूंना तीन-तीन फूट जागा वेलींसाठी व झाडांसाठी सोडा. मध्ये ४ फूट रुंद आणि ८ फूट लांब असे १५ वाफे बसतात. दोन वाफ्यांत दीड फुटाची वाट ठेवा. वाफा चार फुटांहून रुंद नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचतो आणि वाफा तुडवला जात नाही.

शेवगा, पपई, कढीपत्ता ही उंच झाडे उत्तरेच्या अंगाला लावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, तेव्हा त्यांची सावली भाजीवर पडत नाही. कुंपणावर दोडका, कारले, वाल चढवा. मेथी, पालक, माठ एकदम न पेरता दर दहा दिवसांनी एकेक वाफा पेरा. मेथी महिन्याच्या आत काढायला येते, त्यामुळे एक वाफा संपेतो दुसरा तयार होतो. वांगी, टोमॅटो आणि मिरची एकाच कुळातली. ती त्याच वाफ्यात पुन्हा पुन्हा लावल्यास रोग वाढतो. त्यांच्यामागे गवार, घेवडा अशी शेंगभाजी घ्यावी.

गोल बाग

जागा थोडी आणि पाणी घागरीने घालायचे असेल तर गोल बाग बरी. मध्ये खुंटी ठोका, तिला दहा फुटांची दोरी बांधून फिरवा आणि वर्तुळ आखा. पाव गुंठ्याहून थोडी जास्त एवढीच ही जागा. मध्यभागी तीन फूट रुंदीचा खड्डा करून त्यात भाजीची देठे, पालापाचोळा व शेण टाकत जा. खत जागेवरच तयार होते. खड्ड्याच्या कडेला एखादी पपई लावावी.

उरलेल्या जागेचे भाकरीच्या तुकड्यांसारखे सात वाफे पाडा. आठवड्याच्या प्रत्येक वारी एकेका वाफ्यातली भाजी काढायची. मुलांनाही हा हिशेब आवडतो आणि ती आपापला वाफा राखतात.

न्हाणीच्या पाण्यावरची बाग

पाच माणसांच्या घरात रोज शंभर लिटरच्या आसपास पाणी आंघोळीला जाते. तेच दाराशी साचून डबके होते आणि डास वाढतात. हे पाणी आधी दगड, खडी व वाळू भरलेल्या खड्ड्यातून जाऊ द्या. पुढे चर खणून कर्दळ, केळी, अळू लावा. पाणी आज एका चरात तर उद्या दुसऱ्यात सोडा. कच्ची खायची कोथिंबीर, मुळा, काकडी या पाण्यावर घेऊ नका. संडासाचे पाणी तर बागेत मुळीच येता कामा नये.

कोकणातली मजल्यांची बाग

कोकणात आणि गोव्यात आगराची, कुळागराची रीत जुनी आहे. वर नारळ, त्याखाली सुपारी, मध्ये केळी, खोडावर मिरवेल आणि तळाशी हळद, आले, अळू. एकाच जागेत ऊन-सावलीचे मजले होतात. देशावर एवढी दाटी पाण्यावाचून जमणार नाही. पण शेवगा, त्याच्या विरळ सावलीत हळद किंवा आले आणि कडेला लिंबू एवढे जमते. शेवग्याचा पालाही भाजीला चांगला. पालेभाजीवर लिंबू पिळावे, त्याने भाजीतले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेऊ नये.

पाणी आणि जागा दोन्ही कमी

दुष्काळी भागात सच्छिद्र मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरा आणि भोवती चार रोपे लावा. मडके भरून झाकण ठेवा. पाणी मुळांपाशी हळूहळू झिरपते, उन्हाने उडून जात नाही. अंगणच नसेल तर बुडाला भोके पाडलेल्या डब्यांत मिरची, कोथिंबीर होते आणि दाराशी लावलेला भोपळा छपरावर चढतो. मात्र फवारणीच्या औषधाचा डबा कितीही धुतला तरी घेऊ नये.

बियाणे घरचेच

पहिली निरोगी फळे बियांसाठी राखा. बी सावलीत वाळवून राखेत मिसळून मडक्यात ठेवा. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्यासह अनेक गावरान भाज्यांची बियाणी अशीच जपली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गावात ज्या म्हाताऱ्या बाईकडे जुने बी असेल तिच्याकडून मूठभर मागून घ्या आणि पुढच्या वर्षी दोन मुठी परत करा.

सुरुवातीला पंधरा वाफ्यांचा हव्यास धरू नका. दोन वाफे आणि एक वेल पुरे. कुंपण घालणे, खड्डा खणणे आणि खत टाकणे ही कामे पुरुषांनी करावीत, पाणी मुलांनी घालावे. सगळा भार एकट्या बाईवर पडला तर बाग दोन महिन्यांत सुकते. उद्या सकाळी दोरी घेऊन परस मोजा, ऊन कोठे पडते ते पाहा आणि न्हाणीचे पाणी कोठे जाते ते शोधा. पहिली मेथी निघेल त्या दिवशी ती आधी घरच्या बाईच्या ताटात वाढा.