डोंगरउतारावरील उथळ जमीन आणि दुष्काळनिधि

उस्मानपुऱ्यांतील एखाद्या उंच गच्चीवरून दक्षिणेस पाहिलें असतां साताऱ्याच्या डोंगराची रांग नजरेस पडते. पायथ्याशीं खंडोबाचें देऊळ आणि वर उघडा उतार. श्रावणांत तो कांहीं आठवडे हिरवा असतो. दिवाळी सरतां सरतां पिंवळा पडतो, आणि माघापर्यंत त्यावरील दगड मोजून घ्यावेत इतका बोडका होतो. दुष्काळनिधीच्या पत्रकांत डोंगराची ही हकीकत कशाला, असें कोणी व्यापारी गृहस्थ विचारतील, व तें विचारणें रास्तच आहे. कडबा विकत घेऊन छावणीवर पोंचविला, टँकर लावले, कीं निधीचें काम झालें, अशी आपणां सर्वांची समजूत आहे. माझीहि पुष्कळ वर्षें तीच होती. परंतु वैरण आणि पाणी हीं दोन्हीं ज्या ठिकाणीं विकत न घेतां मिळावयाचीं, तें ठिकाण म्हणजे हे उतारच होत. आणि त्यांकडे आम्हीं कधीं पाहिलेंच नाहीं.

प्रथम ही जमीन कशी झाली तें पाहूं. आपल्याकडील काळा खडक म्हणजे सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं एकावर एक पसरलेले लाव्ह्याचे थर. ऊनपावसानें हा खडक झिजतो, त्याचा मुरूम होतो आणि मुरमाची अखेर चिकण माती होते. सपाट जागीं ही माती जेथल्या तेथें राहते. उभ्या उतारावर मात्र प्रत्येक पावसाळा तिच्यांतील बारीक भाग धुवून खालीं नेतो, आणि मागें राहते ती भरड वाळू व खडे. पैठण-गंगापुराकडील ज्या काळ्या रानाचा आपणांस अभिमान वाटतो, तें असेंच उंचवट्यावरून उतरलेल्या गाळानें भरलें आहे. वर उरलेल्या मातीची जाडी पुष्कळ ठिकाणीं एक वीतहि भरत नाहीं.

आतां हिशेब पहा. अशी वीतभर वाळूसर माती पिकाच्या मुळांसाठीं फार तर २० मिलिमीटर पाणी धरून ठेवते. पावसाळ्यांतील उघडिपीच्या दिवसांत ऊन आणि झाड मिळून रोज ४ ते ५ मिलिमीटर पाणी उडवितात. म्हणजे पाऊस थांबल्यापासून चारपांच दिवसांत ही जमीन रिकामी. याच्या उलट एक मीटर खोल काळी जमीन १५० ते २०० मिलिमीटर पाणी सहज पोटांत ठेवते व महिनाभराची उघडीप निभावून नेते. जिल्ह्यांत पाऊस सरासरीनें वर्षास सुमारें ७०० मिलिमीटर, जुन्या मापानें २८ इंच, पडतो. पण तो सारखा पडत नाहीं. म्हणून उतारावर नांगर घालणें हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार आहे. त्यांत पीक येत नाहीं, आणि जी वीतभर माती होती तीहि नाल्यांत जाते.

एवढ्यावरून ही जमीन निरुपयोगी ठरवून सातबाऱ्यावर ‘पोटखराब’ असा शेरा मारला कीं आम्ही मोकळे होतों. येथेंच चूक होते. ही जमीन पाणी सांठवीत नाहीं हें खरें. परंतु पाणी आंत सोडण्यांत तिचा हात काळी जमीन धरूं शकत नाहीं. काळी माती भिजून फुगली कीं तिचें तोंड मिटतें. भरड मातीचें तसें होत नाहीं, आणि खालीं मुरूम व भेगाळलेला खडक असला म्हणजे तेंच पाणी हळूहळू पायथ्याच्या विहिरींस जाऊन मिळतें. मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी वसविली, तेव्हां शहरासाठीं जी नहर काढली तिचें पाणी उत्तरेच्या डोंगरांनीं मुरविलेलेंच होतें. त्या पुरुषास हें रहस्य ठाऊक होतें. पदवीधर झालेल्या आम्हां वकिलांस नव्हतें.

पाणी आंत जाण्यास मात्र एक अट आहे: उतारावर गवत पाहिजे. पवन्या, मारवेल, शेडा हीं चांगल्या जातीचीं गवतें थेंबाचा मार अंगावर घेतात, धांवतें पाणी अडवितात, आणि त्यांचीं मुळें माती धरून ठेवतात. बी धरण्यापूर्वींच जनावरांनीं तीं वर्षानुवर्षें खाल्लीं म्हणजे तीं नाहींशीं होतात व त्यांच्या जागीं कुसळी माजते. तिचीं टोकदार कुसें आलीं कीं गुरें तोंड लावीत नाहींत. पुढें तीहि जाते आणि तरवड व दगड उरतात. मग खुरांनीं दडपलेल्या उघड्या जमिनीवर पडलेला पाऊस तासाभरांत ओढ्याला लागतो. एक एकरावर एक इंच पाऊस म्हणजे सुमारें एक लाख लिटर पाणी, म्हणजेच दहा हजार लिटरचे दहा टँकर. व्यापारी मंडळींनीं टँकरच्या खेपेचा दर मनांत आणून आपणच गुणाकार करावा.

उपाय नवा नाहीं. समान पातळीवर, उतारास आडवे असे दोन फूट रुंद व एक फूट खोल चर खणले, तर शंभर फूट लांबीच्या चरांत एका वेळीं सुमारें ५,६०० लिटर पाणी थांबतें. चरांच्या भरावावर गवताचें बीं टाकावें आणि तीन पावसाळे तेथें जनावर सोडूं नये. जालना जिल्ह्यांतील कडवंची गांवीं १९९६ पासून मराठवाडा शेती साहाय्य मंडळानें श्री. विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखालीं माथ्यापासून पायथ्यापर्यंत अशीं कामें केलीं. २०१२ च्या अवर्षणांत तें गांव तगून राहिलें. नगरकडील हिवरे बाजारानें तर चराईबंदी करून गवत कापून नेण्याची शिस्त लावली. १९७२ च्या दुष्काळांत राज्यभर दुष्काळी कामांवर सुमारें ५० लक्ष मजूर होते, व त्यांतले किती तरी हात केवळ खडी फोडीत बसले. तेवढ्या श्रमांचा कांहीं भाग जरी उतारांवर पडता, तरी पुढचीं कित्येक वर्षें निराळीं गेलीं असतीं असें मला वाटतें.

आतां अवघड भाग. हे उतार पुष्कळ अंशीं गायरान आहेत, आणि त्यांवर आपलीं नव्हे तर ज्यांस स्वतःची जमीन नाहीं त्यांचीं शेळ्यामेंढरें चरतात. १९६४ सालीं दादासाहेब गायकवाडांनीं भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला, तो अशाच पडीत जमिनींसाठीं. कोठें तरी एखाद्या विधवेच्या चार शेळ्या हीच तिची पेढी असते. तीन वर्षें उतार बंद केला, तर पायथ्याच्या बागाइतदाराच्या विहिरीस पाणी वाढेल आणि त्या बाईच्या शेळ्या बाजारांत जातील. नफा एकाचा व तोटा दुसऱ्याचा, असा हा सौदा होतो, आणि तो मला मान्य नाहीं. तेव्हां चराईबंदीच्या काळांत अशा कुटुंबांस वैरण पुरविणें, चर खणण्याची मजुरी प्रथम त्यांसच देणें, व गवत कापण्याचा पहिला हक्क ग्रामसभेच्या ठरावांत त्यांच्या नांवें लिहून घेणें, या तीन गोष्टी झाल्याखेरीज कोणताहि उतार बंद करूं नये, अशी सूचना मीं समितीपुढें ठेविली आहे. तोंडी वचनावर विसंबूं नये. गायरानाचे किती वाद तोंडी वचनांतून उपजतात, हें कोर्टाच्या पायऱ्या चढणाऱ्यास सांगावयास नको.

पायथ्याशीं ज्यांच्या विहिरी आहेत त्या जमीनदार गृहस्थांनीं आपली रक्कम दान समजूं नये. तो आपल्याच पाण्याचा फाळा आहे. चरांचें काम मृगापूर्वीं पुरें व्हावयास हवें, करितां वर्गणी होळीच्या आंत पोंचल्यास बरें. रक्कम कडब्यासाठीं कीं उतारासाठीं, हें देणगीदारांनीं पावतीवर लिहून द्यावें. कांहींच न लिहिल्यास ती दोन्हीं खात्यांत निम्मी निम्मी जमा करण्यांत येईल.