वाकडे विमान सरळ कसे झाले?

मैत्रिणींनो, सुट्टी लागली की घरोघर एकच प्रश्न उभा राहतो. मुलांना गुंतवायचे कशात? आमच्याकडे गेल्या मे महिन्यात या प्रश्नाचे उत्तर माळ्यावरून खाली आले. थोरल्याने तीन वर्षांपूर्वी हट्टाने घेतलेला आणि चार दिवसांत कंटाळून टाकलेला विमानाचा संच! धाकटी नुकतीच आठवीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. तिने खोक्यावरची धूळ झटकली, आतला नकाशा टेबलावर पसरला आणि म्हणाली, "आई, हे मी करणार."

थोरला हसला. "बाल्साचं लाकूड आहे ते. रांगोळी नव्हे!"

पाच दिवस ती मान खाली घालून बसली होती. सहाव्या दिवशी विमानाचे धड तयार झाले आणि पाहते तो काय, शेपटीकडून ते चक्क एका बाजूला वळलेले! "केळं झालं, केळं!" असे म्हणत थोरल्याने घर डोक्यावर घेतले. पोरीने एक शब्दही न बोलता ते धड केराच्या टोपलीत टाकले. मग हळूच म्हणाली, "मला नाहीच जमत असलं काही."

हे वाक्य माझ्या चांगल्याच ओळखीचे होते. मिक्सरचा प्लग जळाला की मी हेच म्हणते. नळाचा वॉशर गेला की हेच म्हणते. माझ्या तोंडून उचललेले वाक्य तिच्या तोंडी ऐकले आणि रात्री मला झोप येईना. उठले, टोपलीतून ते धड काढले आणि दिव्याखाली धरून बसले.

आता तुम्ही म्हणाल, तुम्हाला विमानातले काय कळते? काही नाही! पण वीस वर्षे घरचे ब्लाऊज आणि फ्रॉक मीच शिवते आहे. शिवण ओढ का खाते, एवढे मला कळते. ते धड हातात घेतल्यावर पाचच मिनिटांत लक्षात आले की ही ओढ खाल्लेली शिवणच आहे.

रबरावर उडणारे विमान

आधी हे खेळणे काय आहे ते सांगते. या विमानाला इंजिन नसते. धडाच्या पोकळीत नाकापासून शेपटीच्या अलीकडेपर्यंत रबराची दोरी ताणून अडकवलेली असते. पुढचा पंखा बोटाने उलटा फिरवला की रबराला पीळ बसतो. सोडला की पीळ उलगडतो, पंखा फिरतो आणि विमान उडते.

पोरखेळ म्हणून नाक मुरडू नका बरं का! १८७१ सालच्या ऑगस्टमध्ये आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने पॅरिसच्या त्वीलरी बागेत असेच पिळाच्या रबराचे विमान लोकांसमोर उडवले. ते अकरा सेकंदांत सुमारे चाळीस मीटर गेले. पुढे १८७८ साली अमेरिकेत एका वडिलांनी आपल्या मुलांसाठी रबरावर उडणारे एक खेळणे आणले. बूच, बांबू आणि कागद यांचे ते खेळणे पेनोच्याच कल्पनेवर बेतलेले होते. मुलांनी ते मोडेपर्यंत खेळले आणि मग तसेच दुसरे स्वतः करून पाहिले. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑरव्हिल राइट. १९०३ साली त्यांनी काय केले, ते सांगायला नकोच.

आता बाल्साबद्दल. दक्षिण अमेरिकेत, विशेषतः इक्वेडोर देशात, हे झाड भराभर वाढते. स्पॅनिश भाषेत 'बाल्सा' म्हणजे तराफा. १९४७ साली थोर हेयरडाल आणि त्याचे सोबती याच लाकडाच्या तराफ्यावरून १०१ दिवस पॅसिफिक महासागरात तरंगत गेले होते. लाकूड इतके हलके, की हातात घेतले तरी घेतल्यासारखे वाटत नाही. पण एक मेख आहे. एका फळीहून दुसरी फळी वजनाने दुप्पट-तिप्पट असू शकते. एक शेवयीसारखी लवते, तर दुसरी खराट्याच्या काडीसारखी ताठ. आणि आमचे 'केळे' झाले ते इथेच!

वाकते कशामुळे?

धडाचा सांगाडा म्हणजे चार लांब पट्ट्या. दोन डावीकडे, दोन उजवीकडे. त्यांना जोडणाऱ्या लहान उभ्या आणि आडव्या पट्ट्या. आधी डावी आणि उजवी बाजू शिडीसारखी सपाट करायची आणि मग दोन्ही समोरासमोर उभ्या करून जोडायच्या. मधल्या भागात बाजू समांतर असतात, तिथे काही बिघडत नाही. पण शेपटीकडे दोन्ही टोके वाकवून एकत्र आणावी लागतात. एक बाजू ताठ आणि दुसरी लवचीक असेल, तर ताठ बाजू वाकत नाही आणि बिचारी लवचीक बाजूच जास्त वाकते. परिणामी शेपटी ताठ बाजूकडे सरकते.

आपण एक कापड भिजवून आटवलेले आणि दुसरे कोरे घेऊन शिवण घातली, तर पहिल्याच धुण्यात ती वेटोळी होते, नाही का? तेच हे. दाबून, ताणून, जास्त खळ लावून ते सरळ होत नाही. दोन्ही बाजूंना सारखी ओढ हवी.

सकाळी मी पोरीला बोलावले. "ही पट्टी दाब. आता ही दाब. काय वाटतं?" तिने दाबून पाहिले आणि डोळे मोठे केले. "आई, म्हणजे माझा हात वाकडा नव्हता! पट्ट्याच दोन जातीच्या होत्या!"

साहित्य

बाल्साच्या चौकोनी पट्ट्या (पंखांचा पसारा अर्धा मीटर असेल तर साधारण अडीच ते तीन मिलिमीटर जाडीच्या), नकाशा, सपाट सॉफ्टबोर्ड, टाचण्या, पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद, दाढीचे नवे ब्लेड, लाकडाची पांढरी खळ, मुलांच्या कंपासपेटीतला गुण्या, बारीक पॉलिश पेपर आणि कपड्यांचे दोन हलके चिमटे. बाल्सा मोठ्या शहरांतल्या छंदाच्या सामानाच्या दुकानांत मिळतो. ब्लेड हाताळताना लहानग्यांजवळ मोठ्या माणसाने बसावे.

कृती

पहिली गोष्ट निवड. प्रत्येक लांब पट्टीचे टोक टेबलाच्या कडेवर पुस्तकाखाली दाबून बाकीची पट्टी बाहेर सोडावी. बाहेरची लांबी सर्वांची सारखी हवी. मोकळ्या टोकाला एकच सेफ्टी पिन आळीपाळीने अडकवावी आणि पट्टी किती झुकते ते मोजावे. सारख्या झुकणाऱ्या चार पट्ट्या निवडाव्या. चार मिळाल्या नाहीत तर दोन जोड्या घ्याव्या. एक जोडी डाव्या-उजव्या बाजूंच्या वरच्या कडेला आणि दुसरी खालच्या कडेला.

बोर्ड खरोखर सपाट आहे ना, ते पट्टी उभी धरून पाहावे. त्यावर नकाशा आणि नकाशावर प्लॅस्टिक, म्हणजे खळ कागदाला धरत नाही. टाचण्या लाकडातून आरपार टोचू नयेत, पट्टीच्या दोन्ही अंगांना लावून तिला मध्ये धरावे. जिथे वळण आहे तिथली पट्टी कोमट पाण्यात भिजवावी, ओली असतानाच टाचण्यांत बसवावी आणि रात्रभर वाळू द्यावी. तिने वळण आपणहून धरले की मगच खळ लावावी.

उभ्या लहान पट्ट्या एकावर एक ठेवून दोन-दोन कापाव्या. आपण दोन्ही बाह्या कापडाची दुहेरी घडी घालून एकदमच बेततो ना, तसेच. पट्टी केसभर लांब झाली तर लांब पट्टी फुगते. आखूड झाली तर आत ओढली जाते. सहज सरकून बसेल इतकीच हवी. ठोकून बसवायची वेळ आली, तर पॉलिश पेपरवर एकदा घासावी.

पहिली बाजू वाळली की ती न उचलता तिच्यावर दुसरे प्लॅस्टिक घालावे आणि त्याच टाचण्यांत दुसरी बाजू वर बांधावी. दोन्ही जुळ्या होतात! खळ टोकदार काडीने थेंबभरच लावावी. पाण्याच्या खळीने लाकूड फुगते आणि वाळताना आवळते. घाईने उचलले, तर अर्धवट वाळलेल्या पापडासारख्या कडा वर येतात. म्हणून मध्ये एक रात्र जाऊ द्यावी.

आता जोडणी. सुरुवात नाकाकडून नाही आणि शेपटीकडून तर मुळीच नाही. मधल्या समांतर भागातल्या आडव्या पट्ट्या आधी बसवाव्या, गुण्या लावून काटकोन पाहावा आणि चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावे. दोन्ही सारखे आले म्हणजे चौकट तिरकी नाही. हे पूर्ण वाळल्यावर नकाशाच्या मधोमध एक सरळ रेघ ओढावी, धड त्यावर ठेवावे, शेपटीची टोके बरोबर रेघेवर आणून चिमट्याने हलकेच धरावी. मग मधून शेपटीकडे एकेक आडवी पट्टी. वरची आणि खालची एकाच मापाची. प्रत्येक वेळी समोरून एक डोळा मिटून पाहावे. नाक सर्वांत शेवटी.

कागद चढवतानाही तोच नियम. समोरासमोरच्या बाजू एकाच बैठकीत चढवाव्या आणि पाण्याचा फवारा दोन्हींवर सारखाच मारावा. ओला कागद वाळताना आवळतो. एकच बाजू आवळली तर सरळ सांगाडाही वाकेल.

एवढा सरळपणा कशाला, असे वाटेल. पीळ भरलेले रबर नाक आणि शेपटी एकमेकांकडे ओढत असते. सरळ काडी दोन्ही टोकांनी दाबली तर टिकते. आधीच वाकलेली काडी दाबली तर आणखी वाकते. शिवाय धड वाकले की शेपूट तिरकी होते आणि विमान आपल्याला हवे तसे न जाता गरगरत खाली येते.

आणि झालेच कुणाचे 'केळे', तर टोपलीत टाकू नका. शेपटीकडच्या आडव्या पट्ट्या ब्लेडने सोडवाव्या, ताठ पट्टी ओल्या फडक्याने पुसून आणि वाळल्यावर पॉलिश पेपरने सारखी घासून थोडी नरम करावी आणि मधल्या रेघेवर पुन्हा जोडणी करावी. आम्ही हेच केले. उभ्या पट्ट्या सुबक राहिल्या होत्या, त्या तशाच ठेवल्या. नव्या आडव्या पट्ट्या जोडीने कापायचे काम थोरल्याला दिले. तो निमूटपणे बसला!

जूनच्या पहिल्या आठवड्यात, वारा पडलेला असताना, पहाटे आम्ही तिघे शाळेच्या मैदानावर गेलो. पहिल्या खेपेस विमान नाकावर आपटले. शेपटीखाली कागदाची बारीक घडी घालून पंखांचा कल थोडा बदलला. दुसऱ्या खेपेस ते डोक्याइतके उंच चढले, डावीकडे एक मोठे, सावकाश वळण घेतले आणि गवतात अलगद बसले. थोरला धावत सुटला. धाकटी जागची हलली नाही. नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "आई, पुढचं मी नकाशा स्वतः काढून करणार."

मैत्रिणींनो, आपल्याला कापड बेतता येते, पापड सपाट वाळवता येतात, शिवणीची ओढ बोटाला कळते. यालाही ज्ञानच म्हणतात, हे मला त्या रात्री दिव्याखाली कळले. परवा मिक्सरचा प्लग पुन्हा जळाला. धाकटीने माझ्याकडे पाहिले. मी मेन स्विच बंद केला, स्क्रूड्रायव्हर आणायला तिला पाठवले आणि नवा प्लग बसवला. पहिल्या खेपेस तारेचे एक टोक सैल राहिले होते. उघडून पुन्हा घट्ट केले, इतकेच.