‘बोर्ड उडाला’ हे शेवटचं वाक्य असतं, पहिलं नव्हे

वळवाच्या रात्री विजा कडाडल्या, की दुसऱ्या दिवशी नांदेड-लातूरकडं एक निदान हमखास ऐकू येतं: “बोर्ड उडाला, नवा टाकावा लागतो.” अनेकदा कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा स्क्रूही काढलेला नसतो. त्यात जून म्हणजे दाखले आणि प्रवेशअर्जांचा हंगाम. दाखले काढून देणाऱ्या केंद्रचालकाच्या दारात रांग असते, लातूरला शिकायला ठेवलेल्या पोराच्या बापाला घाई असते. वाद कोण घालणार? पैसे मोजून मोकळे होतात.

मदरबोर्ड जळतच नाही असं कुणी म्हणत नाही. पण बाकी सगळं तपासून झाल्यावर जो उरतो, तो बोर्ड. न तपासता त्याचं नाव घेणं म्हणजे नाडी न बघता ऑपरेशन सांगणं.

मुळात ‘चालू होत नाही’ ही तक्रारच अर्धी आहे. बटण दाबल्यावर काहीच हलत नाही की पंखा फिरून पडदा काळा राहतो, हे आधी बघा. कंपनीचं नाव पडद्यावर येऊन गाडी तिथंच अडत असेल, तर बोर्ड बहुतेक ठीक आहे, कारण ते नाव तोच दाखवतो. तिथं डिस्क किंवा विंडोज तपासायची.

काहीच हलत नसेल तर आधी भिंतीतला प्लग आणि वायर बदलून बघा, मग एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. घरातल्या 230 व्होल्टचा पहिला मार तोच खातो. प्लग काढून 24 पिनांचा जोड बोर्डापासून सोडवायचा, त्यातली हिरवी तार कुठल्याही काळ्या तारेला जोडायची आणि मग करंट द्यायचा. एसएमपीएसमध्ये जीव असेल तर त्याचा पंखा साधारणपणे फिरतो. फिरला म्हणजे पास झाला असंही नाही. मल्टिमीटरवर पिवळ्या तारेला 12, लालला 5 आणि नारिंगीला 3.3 व्होल्ट दिसले पाहिजेत. एटीएक्स मानकात यात 5 टक्क्यांचीच सूट आहे, म्हणजे पिवळी तार 11.4 च्या खाली गेली की तो एसएमपीएस बाद. डबा मात्र घरी उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकतात.

आता सगळ्यात चीड आणणारा युक्तिवाद: “पंखा फिरतोय, म्हणजे करंट येतोय, म्हणजे बोर्डच गेला.” अहो, पंख्याला 12 व्होल्ट मिळाले की तो फिरतो, प्रोसेसर जागा आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. मशीन टेम्पोत घालून किनवटला किंवा उदगीरला नेलं, वाटेत दणके बसले, की रॅम खाचेतून निसटते, ग्राफिक कार्ड तिरकं होतं. हीटसिंकची प्लास्टिकची खुंटी सुटली तर प्रोसेसर तापून मशीन काही सेकंदांतच बंद पडतं. कधी प्रोसेसरची वेगळी 4 किंवा 8 पिनांची तार लावायचीच राहून जाते. म्हणून बोर्डावर प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम आणि डिस्प्लेपुरतं जे लागेल तेवढंच ठेवा, आणि बोर्ड कॅबिनेटबाहेर कोरड्या पुठ्ठ्यावर घेऊन चालू करा. चालला तर प्रत्येक वेळी प्लग काढून एकेक वस्तू परत लावत जा. जिच्यानंतर बंद पडेल, ती दोषी.

“पण माझ्याकडं स्पाइक गार्ड होता!” असेल. पण अर्थिंग? गार्डनं जमिनीत सोडायची लाट अर्थिंग नसेल तर जमिनीत जाणारच नाही. आपल्याकडं पंचाईत अशी, की वळीव येतो तेव्हा अर्थिंगचा खड्डा वर्षातला सगळ्यात कोरडा असतो आणि कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही. ज्या लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओता म्हणून सांगायलाही जड जातं. पण ओतावं लागतं. शिवाय लाट केबलवाल्याच्या तांब्याच्या तारेतूनही येते आणि लॅनची चिप जाळते. अशा वेळी बाकी बोर्ड चालत असेल तर वेगळं नेटवर्क कार्ड लावून काम भागतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप विजेचा इशारा देतं. तो आला की प्लग आणि नेटची तार दोन्ही काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

असेच आणखी काही समज ऐकू येतात. “बोर्ड गेला म्हणजे डेटा गेला.” नाही, डेटा डिस्कवर असतो. डिस्क धड असेल तर दुसऱ्या मशीनला लावून तो काढता येतो. नव्या लॅपटॉपांत बिटलॉकरची, म्हणजे विंडोजनं डिस्कला लावलेल्या कुलपाची, किल्ली मात्र लागू शकते.

“सीमॉसचा सेल संपला म्हणून मशीन मेलं.” बोर्डावरचा हा छोटा सेल संपला तर बहुतेक वेळा फक्त तारीख-वेळ आणि सेटिंग पुसलं जातं.

“फॉरमॅट मारा.” पडदाच काळा असताना कशावर मारणार?

“लॅपटॉप भिजला तर तांदळात ठेवा.” ॲपलनं 2024 मध्ये आयफोनसाठी हे करू नका असं स्पष्ट सांगितलं, कारण तांदळाचे कण आत जाऊन नुकसान करतात. लॅपटॉपही त्याला अपवाद नाही. चार्जर काढा, मशीन बंद करा आणि उघडून नीट वाळेपर्यंत चालू करू नका.

तरीही कुणी बोर्ड उडाला म्हणालंच, तर दुसरा एसएमपीएस आणि दुसरी रॅम लावून पाहिली का, हे विचारा आणि ते तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. बदललाच, तर जुना बोर्ड परत मागून घ्या. तो तुमच्या मालकीचा आहे.