जीपचे पाटे घरच्या घरीं उंच करणें

पावसाळा सरून काळ्या रानांतील गाडीवाटा वाळूं लागल्या म्हणजे चाकोऱ्या खोल जातात व त्यांच्या मधला वरंबा उंच राहतो. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या चाकांनीं पाडलेल्या या चाकोरींत जीप उतरली कीं आंसावरील डिफरन्शलचा गोळा वरंब्यास घांसतो, आणि ओल थोडी जास्त असेल तर गाडी त्यावर बसून चाकें जागच्या जागीं फिरत राहतात. बैल जुंपून गाडी ओढून काढण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे, त्यांस ती उंच करून घ्यावी असें वाटणें स्वाभाविक आहे. त्यासाठीं तयार सामानाचे संच बाजारांत मिळतात, व घरांतील हुशार मुलें तें काम घरींच करूं म्हणतात. आम्हींही तें केलें. त्यांत काय साधलें व काय साधलें नाहीं, हें येथें लिहीत आहों.

प्रथम रचना समजून घेतली पाहिजे. आमची जीप जुन्या विलीज घराण्याच्या बांधणीची आहे. तसल्या महिंद्र गाड्या आजही पुष्कळ शेतकऱ्यांकडे चालू आहेत. हिचे दोन्ही आंस अखंड असून चारही कोंपऱ्यांस कमानदार पाट्यांच्या जुड्या असतात. चासी व तिच्यावरील सर्व भार पाट्यांवर, पाटे आंसाला बांधलेले, व आंस चाकांवर. पाट्याची कमान वाढविली तर उंच होते ती चासी. आंस चाकाच्या मध्याशींच राहतो, तो तसूभरही वर जात नाहीं. म्हणजे गोळा व जमीन यांमधलें अंतर पूर्वीं 8 इंच असेल, तर 2 इंचांचा संच बसविल्यावरही तें 8 इंचच राहतें.

ही साधी गोष्ट संच विकणाऱ्या दुकानदारानें आम्हांस सांगितली नाहीं व आम्हींही विचारली नाहीं. गाडी अंगणांत मोठी रुबाबदार दिसूं लागली. पुढें पाऊस पडल्यावर ती त्याच वाटेवर, त्याच वरंब्यावर, पूर्वींसारखीच बसली. अखेर दोन गड्यांनीं कुदळीनें अर्ध्या दिवसांत वरंबा उतरविला, तेव्हां वाट मोकळी झाली. गोळा उंच करावयाचा तर चाकच मोठें पाहिजे, आणि तेथेंही टायरचा व्यास 2 इंच वाढला तर गोळा 1 इंचच उचलतो. शिवाय मोठ्या टायरमुळें एंजिनावर ओढ जास्त पडते व वेगाचा कांटा खऱ्या वेगापेक्षां कमी दाखवूं लागतो.

मग पाटे उंच करण्याचा उपयोग कोठें? ओढ्याचा काठ चढतांना पुढील बंपर मातींत रुतत असेल, बांध ओलांडतांना चासीचें पोट दगडास लागत असेल, किंवा मोठें टायर मडगार्डास घांसत असेल, तर लाभ खरा आहे. त्यांतही अगोदर एक पाहावें. सपाट जागीं गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डाच्या कडेपर्यंतचें अंतर चारही ठिकाणीं मोजावें. जुन्या गाडीची एक बाजू पुष्कळदां खचलेली आढळते. पाटेवाल्या मिस्त्रीकडून बसलेले पाटे बदलून घेतले कीं गाडी मूळच्या उंचीस येते, आणि पुष्कळांचें काम तेवढ्यानें भागतें. आमचें मत विचाराल तर शेतकऱ्यानें येथेंच थांबावें.

याचें एक कारण गाडी कलंडण्याचें आहे. जीपच्या डाव्याउजव्या चाकांमधलें अंतर सुमारें 4 फूट, म्हणजे मध्यापासून एका बाजूस 24 इंच. समजा, गाडीच्या भाराचा मध्य जमिनीपासून 26 इंचांवर आहे, तर उभी गाडी सुमारें 43 अंशांच्या आडव्या उतारावर कलंडेल. तो मध्य 29 इंचांवर गेला कीं ही मर्यादा 40 अंशांच्या आंत येते. तीन अंश थोडे वाटतात, पण गाडी चालती असते, मागें पोतीं असतात, पोत्यांवर माणसें बसतात, आणि वळणावर तोल बाहेर जातो. तेथें ही मर्यादा फार लवकर गांठली जाते.

दुसरें कारण कायद्याचें. मोटार वाहन कायदा, 1988 याच्या कलम 52 प्रमाणें, नोंदणीपत्रांतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकास करितां येत नाहीं, व सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी 2019 मध्यें या कलमाचा अर्थ कडकपणें लावला आहे. म्हणून संच घेण्यापूर्वींच परिवहन कार्यालयांत व विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. तोंडी होकार अपघातानंतर सांपडत नाहीं. कागदांत जन्म घालविलेल्या आम्हीं ही विचारणा काम झाल्यावर केली, याची आम्हांस लाज वाटते. पुढें मूळ उंचीचे नवे पाटे आणून चढविले. तेव्हां हें काम आमच्या अंगणांत दोनदां झालें आहे, व पुढील सूचना पाटे बदलणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगीं पडतील.

जमीन टणक व सपाट पाहिजे. जी चाकें जमिनीवर राहणार त्यांस दोन्ही बाजूंनीं अडणी लावावी, केवळ हातब्रेकावर विसंबूं नये. गाडी जॅकनें उचलून चासीखालीं पोलादी स्टँड द्यावे आणि मगच अंग खालीं घालावें. आमच्या पुतण्यानें पहिल्या दिवशीं विटांची चळत रचली होती. वीट भारानें आधीं कुरकुरत नाहीं, एकदम फुटते. गाडी चार बोटें खालीं आली. त्या वेळीं तो पाना आणावयास ओसरीवर गेला होता, एवढ्यानेंच निभावलें.

आंसाखालीं वेगळा जॅक देऊन पाट्यावरील ताण उतरवावा व मगच यू-बोल्ट सोडावे. ताणलेला पाटा सुटला तर हात मोडतो. यू-बोल्ट नवेच घालावे, कारण एकदां ताणलेला पुन्हां तशी पकड धरीत नाहीं. रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उतरल्यावर आवळावे, नाहींतर बुश पिळलेल्या स्थितींत अडकून लवकर फाटतात.

लांब शॅकल, म्हणजे पाट्याचें टोंक चासीस जोडणारी झुलती पट्टी, स्वस्त मिळते म्हणून भुलूं नये. ती 2 इंच लांब केली तर गाडी 1 इंचच उठते, कारण पाट्याचें दुसरें टोंक हालत नाहीं. शिवाय आंस किंचित् फिरतो. आमच्या गाडीप्रमाणें पुढील शॅकल पाट्याच्या पुढच्या टोंकास असेल, तर किंगपिनचा मागील कल कमी होऊन गाडी हमरस्त्यावर भटकूं लागते. आंस व पाटा यांमध्यें लोखंडी ठोकळा घालण्याची युक्ति कांहीं गाड्यांत चालते, पण या जीपचा आंस पाट्याच्या वर असल्यामुळें ठोकळ्यानें ती उलट खालीं बसते.

उंची वाढविली असल्यास आंस पूर्ण खालीं लोंबत असतां ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाहीं ना, शॉक-ॲब्सॉर्बर लांबीस पुरतात ना, व प्रोपेलर शाफ्टचा सरकता सांधा सुटण्याच्या बेतास येत नाहीं ना, हें डोळ्यांनीं पाहावें. पहिले 100 किलोमीटर झाल्यावर यू-बोल्टांचे नट पुन्हां आवळावे. दुसऱ्या खेपेस आमच्या गाडीच्या मागील डाव्या बाजूचा एक नट अर्धा फेरा आंत गेला.