गाडीचं पिकअप गेलंय? पार्ट बदलण्याआधी या गोष्टी तपासा

घाटात पुढे मालानं भरलेला ट्रक रांगतोय. रस्ता मोकळा दिसतो म्हणून तुम्ही ओव्हरटेकसाठी अ‍ॅक्सिलरेटर दाबता, पण गाडी लगेच उचलतच नाही. अशा वेळी दोन सेकंदांचा उशीरही जिवावर बेतू शकतो.

यालाच आपल्याकडे 'पिकअप गेलं' म्हणतात. मग कुणी सांगतं प्लग बदल, कुणी सांगतं इंजेक्टर साफ कर. अंदाजानं एकेक पार्ट बदलत गेलं की हजारो रुपये जातात आणि दोष तिथेच राहतो. क्रमानं तपासलं, तर दोष कुठे असावा याचा बराचसा अंदाज घरीच येतो.

पेडल दाबल्यावर नेमकं होतं काय?

जुन्या गाड्यांमध्ये पेडलपासून इंजिनापर्यंत एक केबल असायची. पेडल दाबलं की केबल ओढली जायची आणि हवेची झडप उघडायची. आताच्या बहुतेक गाड्यांत ही केबल नसते. पेडलवरचे सेन्सर 'ड्रायव्हरनं इतकं दाबलंय' हे ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतात. पेडल म्हणजे एक प्रकारे अर्ज, मंजुरी ईसीयू देतो.

पेट्रोल गाडीत ईसीयू एका छोट्या मोटरनं थ्रॉटलची झडप उघडतो, आत आलेल्या हवेचा हिशोब करतो आणि त्यानुसार पेट्रोल सोडतो. साधारण १४.७ किलो हवेला १ किलो पेट्रोल हे मूळ प्रमाण असतं. हवा, इंधन, स्पार्क किंवा सेन्सर यांपैकी एकही गडबडला की पिकअप जातं.

दोष आहे की गाडीचा स्वभाव?

आधी हे ठरवा. टर्बो इंजिन कमी आरपीएमवर सुस्त वाटतं, कारण टर्बो फिरवायला पुरेसा धूर तयार झालेला नसतो. वरच्या गिअरमध्ये गाडी ओढत असाल तर एक गिअर खाली घेऊन बघा. इको मोड सुरू असेल तर ईसीयू मुद्दाम हळू प्रतिसाद देतो.

सीएनजीवर ताकद थोडी कमी मिळणं स्वाभाविक आहे. पण फरक जास्त वाटला तर त्याच रस्त्यावर गाडी पेट्रोलवर चालवून बघा. पेट्रोलवर छान पळाली, तर आधी सीएनजी किट आणि प्लग तपासायला सांगा. दोन्हीवर सुस्त असेल, तर दोष हवेच्या मार्गात, स्पार्कमध्ये किंवा सेन्सरमध्ये शोधायचा.

गाडी पूर्वी चांगली पळत होती आणि आता पळत नाही, तर तो दोषच.

आरपीएमच्या काट्याकडे बघा

आरपीएम झटकन वाढतो, पण वेग वाढत नाही? मॅन्युअल गाडीत क्लच प्लेट घसरत असण्याची शक्यता मोठी. आरपीएमच हळू वाढत असेल, तर इंजिनाला हवा किंवा इंधन कमी पडतंय. गाडी झटके देत असेल, तर प्लग आणि कॉइलवर संशय घ्या. थोडं अंतर चालवून एकच चाक फार तापलं असेल, तर ब्रेक चिकटलाय.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

मॅट पेडलखाली सरकलंय का बघा. त्यामुळे पेडल पूर्ण दाबलं जात नाही, किंवा दाबलेलं अडकून बसतं. दुसरं जास्त धोकादायक.

मग एअर फिल्टर काढा. धुळीनं काळवंडला असेल तर बदला. उभ्या गाडीत उंदीर याच डब्यात घर करतात आणि वायरीही कुरतडतात. फिल्टरपुढच्या रबरी पाइपला चीर आहे का, टर्बोचा पाइप निसटलाय का, तेही बघा. इंजिन सुरू असताना फुसफुस आवाज येत असेल, तर बहुधा हवा गळतेय.

स्कॅनर लावाच

चेक इंजिनचा दिवा लागलेला नसला तरी कोड साठलेला असू शकतो. पण कोड म्हणजे निकाल नव्हे. उदाहरणार्थ, पी०१७१ म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. त्याचं कारण फुटका पाइप, मळका हवेचा सेन्सर किंवा कमजोर फ्युएल पंप, काहीही असू शकतं. कोड वाचून थेट सेन्सर बदलायला सांगितलं, तर 'तपासलं कसं?' हे विचारा.

साफसफाई करताना

थ्रॉटल बॉडीवर कार्बन साठला की झडप अडखळते. ती त्यासाठीच्या स्प्रेनं साफ होते, पण झडप बोटानं ढकलू नये, आतले गिअर खराब होतात. साफ केल्यावर अनेक गाड्यांत स्कॅनरनं झडपेची जागा ईसीयूला पुन्हा शिकवावी लागते, नाहीतर आयडलिंग बिघडतं. हवेच्या सेन्सरची तार फार नाजूक असते. तिला फक्त तिचाच स्प्रे वापरावा, हात किंवा कापड लावू नये.

डिझेल गाडीत फ्युएल फिल्टर आणि टर्बोचे पाइप आधी बघावेत. बीएस-६ डिझेल गाडी फक्त शहरात थोडं थोडं चालत असेल, तर धुराची काजळी अडवणारा डीपीएफ तुंबलेला असू शकतो.

बाजारातले 'थ्रॉटल कंट्रोलर' ताकद वाढवत नाहीत. ते थोड्या दाबाला जास्त दाब दाखवतात, एवढंच. मूळ दोष तसाच राहतो.

गाडी कधी चालवू नये?

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर मिसफायर होतोय. तशीच पळवली तर महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो. पेडल दाबूनही गाडी ठरावीक वेगाच्या वर जात नसेल, तर ईसीयूनं इंजिन वाचवण्यासाठी ताकद मर्यादित केलेली असते. अशा वेळी ओव्हरटेक टाळा, डाव्या बाजूनं जपून गॅरेज गाठा किंवा टोइंग बोलवा.